वाळूत उभी केलेली एक्केचाळीस दारं

आमच्या समोरच्या घरातल्या बाईंना अख्खी इमारत मोजणीताई म्हणते. नाव मीच ठेवलेलं. त्यांना ते आवडत नाही हे मला माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे आमचं शेजारपण छान चाललंय. बाई आमच्याकडे जेवायला आल्या की वाढायच्या आधीच म्हणणार, "माणसं सात आणि वाट्या आठ. अजून कुणी यायचंय का?" जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत आणि चौथीचा कोपरा उडालाय, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांची सासू म्हणते, "ही घरात आली त्याच दिवशी हिनं माझे दात मोजले असणार. तेव्हापासून एकेक पडायला लागला."

पण ताईंना पगार याच गोष्टीचा मिळतो. कुठे धरण व्हायचं ठरलं, की ते बांधायच्या आधी त्यानं कुणाचं काय बिघडेल आणि कुणाचं काय सुधारेल याचा अहवाल करावा लागतो. असे अहवाल करून देणाऱ्या एका ऑफिसात ताई सव्वीस वर्षं आहेत. पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, बारीक ब्रश आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बुडणाऱ्या गावांत जायचं. चौकटीच्या उजव्या अंगाला नंबर टाकायचा. नंबर पडला की त्या घराचं एक पान सुरू. माणसं किती, गुरं किती, झाडं कुठली, सरपण कुठून आणता, शाळा किती लांब. दाराला नंबर, नंबराला पान. ही ताईंच्या ऑफिसची रीत. एकाच घराची दोन पानं होऊ नयेत म्हणून कुणीतरी कधीतरी घालून दिलेली.

मग सगळ्या पानांचा मिळून एक मोठा तक्ता होतो. प्रत्येक परिणामाला दहापैकी गुण. चांगल्याला अधिक, वाइटाला वजा. शहराला पाणी, अधिक नऊ. वीज, अधिक सात. जंगल बुडालं, वजा पाच. गावं उठली, वजा सहा. असं करत खाली बेरीज. बेरीज अधिक आली की धरण चांगलं.

मी एकदा विचारलं होतं, "ताई, गावं उठली की वजा सहाच का? सात का नाही?"

"ते साहेब ठरवतात."

"साहेबांचं गाव कुठलं?"

"उंचावर आहे," ताई म्हणाल्या आणि डबा घेऊन खाली उतरल्या.

इमारतीच्या तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कुणाची बदली झाली, कुणाचा घटस्फोट ठरला, कुणाच्या छातीच्या फोटोत काय निघालं, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. तोंडाला झाकण असतं तर मी आज मोठा माणूस असतो. ताईंच्या ऑफिसचे अहवालही माझ्याकडेच यायचे. आमच्या गावच्या नदीवरच्या धरणाचा अहवाल चारशे बारा पानांचा होता, नऊ प्रती करायच्या होत्या, मशीन दोन दिवस तापलेलं होतं.

आणि हे आधीच सांगून टाकतो की हे धरण आम्हाला हवंच होतं. आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाऊण तास पाणी येतं. जिन्यात प्रत्येक घराचे दोन-दोन निळे ड्रम, त्यामुळे एकोणीस पायऱ्या चढताना पोट आत घ्यावं लागतं. पाण्याच्या दिवशी ताईंची सासू नळाखाली बादली लावून समोर खुर्ची टाकून बसते, जणू नळ पळून जाईल. तक्त्यातलं ते अधिक नऊ म्हणजे दुसरंतिसरं कुणी नाही, आम्हीच.

तर झालं असं. प्रती चालू होत्या, ताई काउंटरपाशी उभ्या राहून पानं तपासत होत्या, आणि दुकानासमोर एक म्हातारी टोपलीत कलिंगडं घेऊन येऊन बसली. ताई बाहेर जाऊन एक कलिंगड वाजवून बघायला लागल्या.

"वाजवतेस काय," म्हातारी म्हणाली, "आत कुणी राहत नाही."

"कुठलं आहे, मावशी?"

"नदीतलं. पुलाच्या खालच्या अंगाला वाळूत आमचे वाफे आहेत ना."

"पुलाखाली वाळूत कुणी नाही," ताई म्हणाल्या. "मी स्वतः बघून आलेय."

"असं? मग मी भूत. घे, भुताचं कलिंगड गोड असतं."

मी हसलो. ताई हसल्या नाहीत. आत आल्या, गठ्ठ्यातून दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं पान काढलं आणि काउंटरवर ठेवलं. त्यावर होतं: पुलाखालचं नदीपात्र. वस्ती नाही, लागवड नाही. परिणाम शून्य. खाली ताईंची छोटी सही.

"पाणीच होतं हो, भावजी," त्या म्हणाल्या. "या काठापासून त्या काठापर्यंत. भर पावसात गेले होते. जीप तेव्हाच मोकळी होती. पुलावर उभी राहिले, बघितलं आणि लिहिलं. खाली उतरलेच नाही."

सव्वीस वर्षांत एक घर चुकलेलं नाही, हे ताई आम्हाला वर्षातून चार वेळा ऐकवायच्या. त्या दिवशी कलिंगड घरी न नेता माझ्या काउंटरवरच विसरून गेल्या.

रविवारी मी त्यांना स्कूटरवर बसवून नदीवर नेलं. चांगुलपणा वगैरे काही नव्हता, मला काय घडतंय ते बघायचं होतं. पुलावरून खाली बघितलं आणि मीच थक्क झालो. पाणी एका कडेला, ओढ्याएवढं. बाकी पात्रभर वाळू आणि वाळूत चरांच्या रांगा, चरांतून वेल, वेलांवर कलिंगडं, खरबुजं, काकड्या. मध्येमध्ये गवताचे आडोसे, चार काठ्यांवर टेकवलेले. माणसं हंड्यांनी आणि डब्यांनी पाणी घालत होती. मी तीस वर्षं त्या पुलावरून जातोय. कधी खाली बघितलं नव्हतं, कारण त्या पुलावर सिग्नल नाही.

म्हातारी भेटली. "आली का, मला बघायला?" म्हणाली. "हात लावून बघ, भूत आहे का."

तिनंच सगळं सांगितलं. पुरात नदी गाळ आणून टाकते. पाणी उतरलं की त्या गाळावर चर खणायचे. सात-आठ महिने पीक, मग परत नदीचं नदीला. दर वर्षी जमीन नवी. "कागद नाही त्याचा," म्हातारी म्हणाली, "पण भांडणही नाही. काल काठी रोवली तिथपर्यंत माझं."

परत येताना ताईंनी स्कूटर थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून मला समजावलं. खरं तर स्वतःलाच. धरण झालं की गाळ धरणातच अडणार. खाली येईल ती नुसती धुतलेली वाळू, तिच्यात गवतसुद्धा उगवणार नाही. शिवाय वीज हवी असेल तेव्हा पाणी सोडणार. भर दुपारी सोडलं तर भर दुपारी वाफे पाण्याखाली. "आणि हे मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "याच अहवालात एकसष्टाव्या पानावर आहे. गाळ अडेल, पाण्याची वेळ बदलेल. फक्त ते कुणाला बाधेल तिथे मी शून्य लिहिलं."

दोन रविवार लावून त्यांनी वाळूतली कुटुंबं मोजली. एकशे सदतीस. अहवाल मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जायला तीन आठवडे होते. त्याच्या आत ही एकशे सदतीस पानं आत घालायची, एवढंच त्यांना हवं होतं. त्या ऑफिसात गेल्या आणि साहेबांपुढे चूक कबूल केली. साहेब चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, हाच त्यांचा त्रास. म्हणाले, "ताई, फॉर्मवर पहिला रकाना कशाचा?"

"दाराच्या नंबरचा."

"मग नंबर आणा. मी कुठे नाही म्हणतोय?"

हे ताईंनी वाळूत जाऊन म्हातारीला सांगितलं. मी साक्षीदार आहे, ताई रागात होत्या, तो राग साहेबांवरचा आणि स्वतःवरचा होता. म्हणाल्या, "मावशी, आमच्याकडे दार नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर पान नाही. तुमच्या आडोशाला दार असतं तर मी आत्ता ब्रश काढला असता. मी तरी काय करू?"

म्हातारीनं फक्त विचारलं, "दार कसलंही चालतं?"

"कसलंही," ताई म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

पुढच्या रविवारी पुलावर गर्दी होती. मला वाटलं कुणी बुडालं. खाली वाळूत दारं उभी होती. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती दारं. मागून काठ्यांचा टेकू दिलेला. मोजली ताईंनी, एक्केचाळीस. भंगारवाल्यांच्या यार्डात मिळाली तेवढी. एक निळं, एक जळकं, एक कपाटाचं आरशासकट. एकावर पाटी होती: डॉक्टर आत आहेत. एका न्हाणीघराच्या पत्र्याच्या दाराला आतून कडी होती आणि तिथला गडी ती कडी लावून दाराच्या बाजूनं फिरून बाहेर येत होता, आम्हाला दाखवायला की नीट लागते.

"उरलेली पुढच्या आठवड्यात," म्हातारी म्हणाली. "यार्डवाला म्हणतो शाळा पाडतायत, तिथली येतील. घाल आता नंबर."

ताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग हसणं थांबलं तरी बसूनच राहिल्या.

"घालू नका, ताई," मी म्हणालो. मलाही कधीकधी अक्कल सुचते.

"चौकट आहे, दार आहे, मागे माणूस राहतोय," ताई म्हणाल्या. "फॉर्ममध्ये भिंतीचा रकाना नाही." आणि ब्रश काढला. पेंटचा डबा मी धरला होता, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लांब उभा होतो.

आता माझं काम. दुसऱ्या दिवशी दुकानात ओळखीचा एक बातमीदार आला होता, कसलंसं प्रमाणपत्र झेरॉक्स करायला. आता मला सांगा, वाळूत उभं असलेलं "डॉक्टर आत आहेत" मी पोटात किती वेळ ठेवणार? मी सांगितलं. रंगवून सांगितलं. त्याला कडीवाला गडीसुद्धा करून दाखवला. तो पोट धरून हसला, पैसे देऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं: भरपाईसाठी वाळूत उभारली दारं. खाली लिहिलं होतं की धरणाची बातमी लागल्यावर लोकांनी रातोरात खोटी घरं थाटली, आणि या बनावात ऑफिसातल्याच कुणाचा तरी हात असावा. दारांवरचे नंबर फोटोत स्वच्छ दिसत होते. ताईंचे आकडे ठसठशीत असतात.

ताईंनी वर्तमानपत्र माझ्या काउंटरवर ठेवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या आमच्या हिनं दिल्या, त्यांच्या वाटणीच्यासुद्धा.

साहेबांनी नंबरवाली पानं परत केली. पोलीस एकदा वाळूत येऊन गेले, दारं कुणी आणली विचारून गेले. दारं दुसऱ्या दिवशी यार्डात परत.

समितीची सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. बसायला जागा नव्हती. एकीकडे वरच्या अंगाची, बुडणाऱ्या गावांतली माणसं. दुसरीकडे आम्ही शहरातले, म्हणजे पाणी मागणारे. वाळूतली म्हातारी आणि दोघं-तिघं मागे, दाराजवळ उभे. साहेबांनी तक्ता वाचला. बेरीज अधिक अकरा. टाळ्या आमच्या बाजूनं पडल्या. मीही वाजवल्या असतील, आठवत नाही म्हणतो.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. आणि ऑफिसच्या लोकांच्या रांगेतून ताई उठल्या. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, आपण उत्तरं द्यायची असतात." त्या तरीही बोलल्या.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी पानावरचं शून्य माझं आहे. मी पावसात गेले आणि पुलावरून बघून लिहिलं. तिथे एकशे सदतीस कुटुंबं आहेत. दारं खोटी होती. ती माझ्या बोलण्यावरून आणली त्यांनी. माणसं खोटी नाहीत."

सभागृहात असा गलका झाला की बोलायची सोय नाही. वरच्या गावातला एक सुतार उठला. उंच, वाळका माणूस.

"बाई, तुमचं चुकलं, ते आम्ही का भोगायचं?" तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली धरण येणार येणार म्हणतायत. अकरा वर्षांत माझ्या गावात कुणी एक खिडकी बसवली नाही. बुडणाऱ्या घराला खिडकी कोण बसवतो? मी सुतार आहे, मी काय खायचं? आज मंजुरी मिळाली असती तर आम्ही उठून नव्या जागी गेलो असतो. आता तुमची कलिंगडं मोजा आणि आम्हाला अजून चार वर्षं टांगा." मग मागे वळून म्हातारीकडे बघून म्हणाला, "आणि दारं हवी होती तर माझ्याकडे यायचं. मी फुकट दिली असती, घरी पडून आहेत."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, या माणसाला उत्तर देता येईल असं त्या चारशे बारा पानांत एकही पान नाही. खिडकीच न बसवल्याला कोणता रकाना?

अध्यक्षांनी निर्णय दिला: पंधरा दिवसांत फेरमोजणी. दुसऱ्या माणसाकडून.

त्या दिवसापासून इमारतीत ताईंशी कुणी धड बोलेना. पहिल्या मजल्यावरच्यांनी त्यांचे ड्रम रांगेत मागे सरकवले. सासू जिन्यातून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "लोकांच्या सुना घरात पाणी आणतात, आमच्या सुनेनं आलेलं थांबवलं." आमची ही तर ताईंची जिवलग, पण तीही एक दिवस त्यांच्यासमोर म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका. मला पाणी हवंय हो. कंबर गेली माझी बादल्या उचलून. यात मी कुणाचं वाईट केलं?"

"कुणाचंच नाही," ताई म्हणाल्या. "मला पण हवंय. माझी पण कंबर गेलीय."

फेरमोजणीला आलेला माणूस तरुण होता, कामाला चोख. वाळूत घरोघर, म्हणजे आडोशोआडोशी फिरला. पण वर्तमानपत्र वाळूतही पोचलं होतं आणि पोलीसही येऊन गेलेले. नाव विचारलं की लोक म्हणायचे, आम्ही पाहुणे, सहज आलोय. वाफे कुणाचे? माहीत नाही. ताईंना हे कळलं तेव्हा त्या ऑफिस सुटल्यावर धावत वाळूत गेल्या. स्कूटर माझीच.

"मावशी, नाव द्या. हात जोडते. आता नाही दिलंत तर कायमचे गेलात."

म्हातारीनं वेलाची पानं बाजूला करून एक काकडी तोडली, पुसली आणि खाल्ली. मग म्हणाली, "पोरी, तू म्हणालीस दार नाही म्हणून आम्ही नाही. दार आणलं तर म्हणाले चोर. आता नाव दिलं तर काय म्हणतील ते आधी सांग, मग देते."

मी एकीकडे उभा राहून चपलेतली वाळू झाडत होतो. चपलेत फारशी वाळू नव्हती.

नाव दिलं ते नऊ कुटुंबांनी. म्हातारीनं दिलं शेवटच्या दिवशी, आणि व्यवसाय विचारल्यावर सांगितलं, "भूत." त्या पोरानं बिचाऱ्यानं लागवड लिहिलं.

साहेबांनी तक्ता सुधारला. पुलाखालची हंगामी लागवड, कुटुंबं नऊ, परिणाम वजा एक. बेरीज अकराची दहा झाली. साहेब ताईंना म्हणाले, "घ्या, तुमचं वजा आलं. आता सही करा." अहवालाच्या सामाजिक भागाच्या, म्हणजे माणसांच्या मोजणीच्या, शेवटच्या पानावर ताईंची सही लागते, सव्वीस वर्षांची रीत. नसेल तर अहवाल पुढे जात नाही.

ताईंनी सही केली आणि खाली लिहिलं: कुटुंबं नऊ नाहीत, एकशे सदतीस आहेत. पहिली मोजणी मी चुकीच्या हंगामात केली, त्यातून दारं आणि पोलीस आले, म्हणून ती घाबरली.

साहेब म्हणाले, "ताई, सहीच्या जागी सही करायची असते, निबंध नाही." पान पुन्हा छापलं. ताईंनी पुन्हा सही केली, पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा छापलं, तिसऱ्यांदा लिहिलं. चौथ्या वेळी ऑफिसनं डोकं चालवलं आणि सहीची ओळ पानाच्या अगदी तळाशी नेली, खाली बोटभरही जागा नाही. ताईंनी सही केली, पान आडवं फिरवलं आणि डाव्या समासात खालून वर लिहून काढलं. अक्षर मुंगीएवढं, पण ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायची शेवटची तारीख होती. पाचवं पान छापायला वेळ नव्हता, आणि छापलं असतं तर ताईंनी पाठीमागे लिहिलं असतं, हे साहेबांना कळून चुकलं होतं. ते स्वतः माझ्या दुकानात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पान काउंटरवर ठेवून गोड आवाजात म्हणाले, "प्रती काढताना हा डावा समास जरा झाकता येईल ना? कागदाची पट्टी ठेवून?"

येतं. दिवसाला दहा वेळा करतो मी ते. लोकांना जन्मतारखेपासून कायकाय झाकायचं असतं.

"नाही जमत, साहेब," मी म्हणालो. "मशीन जुनं आहे. जे आहे ते सगळं येतं."

साहेबांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाजारात दुसरं दुकान शोधायला वेळ नव्हता. नऊ प्रती समासासकट गेल्या. त्यानंतर त्या ऑफिसचं एक पानही माझ्याकडे आलेलं नाही. पलीकडच्या गल्लीत रंगीत मशीन आलंय, तिथे जातं सगळं. आमची ही म्हणाली, "आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलंत, तेही गिऱ्हाईक घालवून."

ताईंना साहेबांनी बाहेरच्या कामातून काढून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. खिडकी नाही, पंखा नाही, जुने फॉर्म धूळ झाडून लावायचे. त्या तिथेही मोजतात. फायली किती कुरतडल्या गेल्या याची यादी त्यांनी महिन्यात केली. कुणी मागितली नव्हती.

समितीचं उत्तर यायला नऊ महिने लागले. मंजुरी मिळाली. बावन्न अटींवर. ताईंनी पत्राची प्रत मिळवली आणि माझ्याच दुकानात उभ्या राहून अटी वाचल्या. चौतिसावी अशी होती: अहवालाच्या सामाजिक भागाच्या शेवटच्या पानावरील हस्तलिखित टिपणाची नोंद घेण्यात आली असून, पुलाखालच्या नदीपात्रातील लागवडीची मोजणी धरणात पाणी अडवण्यापूर्वी योग्य हंगामात करावी.

"म्हणजे जिंकलात!" मी म्हणालो.

"कोण करणार मोजणी, ते लिहिलेलं नाही," ताई म्हणाल्या. "कधीपर्यंत, ते नाही. नाही केली तर काय, ते पण नाही. सकाळी साहेबांना विचारलं. म्हणाले, जीप मोकळी झाली की बघू. जीप कधी मोकळी होते ते तुम्हाला माहीत आहे."

रविवारी आम्ही पुलाखाली उतरलो. पाणी नुकतंच ओसरलं होतं, लोक नवे चर खणत होते. मागच्यापेक्षा माणसं कमी दिसली. ताईंनी विचारलं तर म्हातारी म्हणाली, सतरा-अठरा घरं या वर्षी आलीच नाहीत, शहरात बांधकामावर गेली. धरण होणार आहे म्हटल्यावर इथे जीव कोण रमवतो? तिच्या कोवळ्या रोपांना दोन-दोन पानं फुटली होती.

ताईंनी तिला पत्र वाचून दाखवलं. सगळं, शब्दन्‌शब्द.

"म्हणजे आम्ही आहोत की नाही?" म्हातारीनं विचारलं.

"चौतिसाव्या अटीत आहात."

"अट म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला मोजायला हवं, असं त्यांनी लिहून दिलंय."

"मग मोज."

"मला नाही पाठवलेलं, मावशी. मी आता बाहेरच्या कामावर नाही. मी लिहिलं तर ते धरणार नाहीत."

"मग आलीस कशाला?"

ताईंनी पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढला. कोरे, रेकॉर्डच्या खोलीतले, कडा पिवळ्या पडलेल्या. एकशे सदतीस आणले असणार, मी न विचारताच सांगतो. पहिला रकाना प्रत्येक पानावर आधीच रेघ मारून खोडलेला होता.

म्हातारीनं दोन डबे उचलले, एक ताईंच्या हातात दिला, एक माझ्या. "नावं संध्याकाळी विचार," म्हणाली. "आत्ता उन्हं चढतायत, रोपं मरतील. त्या कडेची ओळ तुमची. मुळाशी घाला, पानांवर नको."

पाणी शंभर पावलांवर होतं. ताईंनी ती मोजली असतील. मी चार खेपा झाल्यावर मोजणं सोडलं, कंबर धरली होती.